रजेचं खरं कारण

७ जानेवारी
विषय मंजूर झाला. सरांनी माझा कागद दोनदा वाचला, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाले, "यातून पेपर होऊ शकतो. आपल्या दोघांच्या नावानं." मी खाली येईपर्यंत जिन्याच्या पायऱ्या मोजायच्या विसरले. एरवी रोज मोजते.

वर्गातले बाकी सगळे इंटरनेटवरून आकडे उतरवून घेणार आहेत. माझे आकडे मी स्वतः जमवणार. आई ज्या शिवण कारखान्यात काजं-बटणं करते, तिथली कामगारांची बस गेल्या जुलैत बंद झाली. लांबच्या बायका आता दोन गाड्या बदलून येतात. मालकांचं म्हणणं, बायका आळशी झाल्या, रजा वाढल्या. आईचं म्हणणं, मालकांनी एकदा दोन गाड्या बदलून यावं. दोघांकडेही पुरावा नाही. माझं काम एवढंच: लांबच्या बायकांच्या रजा बसनंतर किती वाढल्या ते काढायचं, त्यातून चालत येणाऱ्या बायकांच्या रजा किती वाढल्या ते वजा करायचं. चालत येणाऱ्या म्हणजे माझा तुलनागट. उरेल ते बसचं. फरकातला फरक. सरांनी फळ्यावर शिकवलं तेव्हा कुणाच्याच डोक्यात शिरलं नव्हतं. माझ्या शिरलं ते आईच्या बडबडीमुळे.

११ जानेवारी
मॅनेजरसाहेबांनी परवानगी दिली. मी वाद घालायच्या तयारीनं गेले होते, पण सर आधीच तिथे बसून चहा पीत होते. कँटीनचा कोपरा, टेबल, हजेरीचं मस्टर, सगळं मिळणार. साहेब म्हणाले, "बायका आम्हाला खरं सांगत नाहीत. तुला सांगतील. तू घरचीच."

फॉर्मवर कार्ड नंबर घ्यायचा, असं सर म्हणाले. नाहीतर मस्टरशी जुळवणी कशी करणार? मग वरती मी एक वाक्य घातलं: 'ही माहिती फक्त अभ्यासासाठी आहे, कारखान्याला दिली जाणार नाही.' खाली माझी सही, सरांची सही. छापून आणलेला गठ्ठा छातीशी धरून घरी आले. आई म्हणाली, "बाळंतीण दिसतेस."

१८ जानेवारी
पहिला दिवस सपशेल आपटला. दोन तासांत चार फॉर्म, तेही "हो", "नाही", "माहीत नाही" असे. बायका माझ्याकडे बघून हसतात आणि डबा उघडतात. शेवटी आई उठली. हातातला पाण्याचा तांब्या टेबलावर आपटला आणि म्हणाली, "माझी पोरगी आहे. हिला दीडशे तरी फॉर्म लागतात, नाहीतर वर्ष फुकट जाईल. विचारेल ते सांगा, आणि खरं सांगा."

त्यानंतर रांग लागली.

सगळ्यात आधी टाचणीमावशी बसली. आईची वीस वर्षांची जोडीदारीण. ओठांत कायम दोन-तीन टाचण्या धरलेल्या असतात म्हणून हे नाव; लहानपणी मला वाटायचं तिला तिथे तसे दातच आहेत. अकरावा प्रश्न आला: 'आजारी रजा घेतली तेव्हा खरं कारण काय होतं?' तिनं टाचण्या काढून तळहातावर ठेवल्या. "रजा आजारपणाची घेते, पण आजारी मी नसते गं. यांना उचलून दवाखान्यात न्यायला दुसरं आहे कोण? घरच्या माणसासाठी म्हणून रजा मागितली तर मिळत नाही. मग मलाच येतो ताप." आणि हसली. मी तिच्या फॉर्मवर तीन नंबरला गोल केला. तीन म्हणजे, माझ्याच यादीतले शब्द: 'स्वतःच्या आजाराखेरीज अन्य कौटुंबिक कारण'.

२० जानेवारी
घरात भांडण. आईनं अकराव्या प्रश्नाला एक नंबर केलाय. स्वतः आजारी! मी म्हटलं, "आई, ज्या दिवशी तू रजा घेतलीस त्या दिवशी माझ्या प्रवेशाच्या रांगेत माझ्याबरोबर उभी होतीस. कसला ताप?"

"आला असेल रांगेत."

"आई, अशानं मोजमापात चूक येते. सगळ्यांनी असं केलं तर माझा निकाल मातीत जाईल."

"सगळ्या नाही करणार," ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

स्वतःच्या आईनं खोटी माहिती द्यावी! तिचा फॉर्म तसाच ठेवला. मी बदलला असता तर मग मीही खोटीच.

२ फेब्रुवारी
एकशे शहाऐंशी फॉर्म! सगळे संगणकात भरून झाले. अंगठ्याला फोड आलाय.

माझी वर्गमैत्रीण शंकेखोर (तिला हे नाव सरांनीच दिलंय, प्रत्येक तासाला हात वर असतो म्हणून) फाइल बघून म्हणाली, "कार्ड नंबर अजून का ठेवलेत?"

"सरांना मूळ फाइल तपासायची आहे. नंतर काढणार."

"आणि नंबर काढले तरी वय, मुलं, घर किती लांब, एवढं वाचून त्या कारखान्यातलं कुणीही सांगेल ही बाई कोण ते."

मी म्हटलं, तुला स्वतःचा विषय मिळाला नाही म्हणून माझ्यात किडे शोधतेस. तोंड फुगवून गेली. जाऊ दे. संध्याकाळी फाइल सरांना पाठवली. पाच मिनिटांत उत्तर: 'उत्तम काम.' सर कुणाला पाच मिनिटांत उत्तर देत नाहीत.

१९ फेब्रुवारी
निघालं! तीन महिन्यांत माणशी २.४ दिवस. लांबच्या बायकांच्या रजा एवढ्या वाढल्या, आणि त्या केवळ बस गेल्यामुळे. प्रमाणत्रुटी ०.६, म्हणजे योगायोग म्हणून उडवून लावता येणार नाही. हिशेबात वय घातलं, मुलं घातली, घरचं आजारपण घातलं, आकडा तिथेच ठाण मांडून बसला. आळशीपणाबिळशीपणा काही नाही. बस!

आईला सांगितलं. तिनं विचारलं, "मग बस सुरू करतील?" मी म्हटलं, आकड्यांपुढे काय बोलणार ते?

६ मार्च
विभागात सादरीकरण झालं. मॅनेजरसाहेब पहिल्या रांगेत! सरांनी बोलावलं होतं. मला केवढं भारी वाटलं. बसच्या आकड्यावर ते काही बोलले नाहीत, फक्त मान हलवत राहिले. शेवटी एकच प्रश्न विचारला: "हे कारण तीन म्हणजे नेमकं काय?"

मी अगदी खुलवून सांगितलं. रजा आजाराची, पण कारण दुसरंच. आणि असं एरवी कुठल्याही नोंदीत सापडत नाही, ते आमच्या फॉर्ममुळे पहिल्यांदा पुढे आलं. साहेबांनी वहीत लिहून घेतलं. शंकेखोरचा हात वर होता, पण वेळ संपला.

१० मार्च
सर आज तरंगत होते. कारखाना गेल्या तीन वर्षांचं संपूर्ण मस्टर द्यायला तयार झालाय. "तीन वर्षं! असा संच कुणाकडे नाही." मला पेढा दिल्यासारखी पाठीवर थाप. मी विचारलं, बसचं काय म्हणाले? सर म्हणाले, "होईल, होईल. आधी विश्वास कमवावा लागतो."

२१ मार्च
आई वेळेआधी घरी आली. तिच्याबरोबर टाचणीमावशी. मावशीच्या ओठांत एकही टाचणी नव्हती आणि मला ती क्षणभर ओळखूच आली नाही.

सकाळी काही बायकांना पत्रं दिलीत. मावशीनं तिचं माझ्यापुढे धरलं. "तू शिकलेली आहेस, वाच." मी मोठ्यानं वाचायला लागले. आजारी रजेचा गैरवापर, सेवासमाप्तीची कारवाई का करू नये, सात दिवसांत खुलासा. पुढे लिहिलं होतं: 'सदर रजा स्वतःच्या आजाराखेरीज अन्य कौटुंबिक कारणासाठी घेतल्याचे निदर्शनास आले आहे.'

तिथे मी वाचायची थांबले. ते शब्द माझे आहेत. माझ्या यादीतले, जसेच्या तसे.

मावशी म्हणाली, "मी राजीनाम्यावर सही करून आले. काढून टाकल्याचा शिक्का नको म्हणून. साहेब म्हणाले, सही केली तर प्रकरण इथेच मिटेल." मग म्हणाली, "त्यांना कळलं कसं गं? मी तर कुणाला बोलले नव्हते."

मी पत्राची घडी घालून तिला परत दिलं. फाइलचं सांगितलं नाही मी.

२२ मार्च
आईकडून पत्र मिळालेल्यांचे कार्ड नंबर घेतले. तेवीस.

फाइल उघडली. कारण तीन: तेवीस ओळी. नंबर तेच.

कारण दोन म्हणजे 'गाडी चुकली'. त्या एकेचाळीस आहेत. त्यांचीही आजारी रजा खोटीच. त्यांतल्या एकीलाही पत्र नाही. दिलं असतं तर बसचा विषय निघाला असता ना. कुणीतरी माझी फाइल फार लक्ष देऊन वाचली आहे. माझ्या परीक्षकांनीही एवढी वाचली नसती.

२३ मार्च
सरांच्या खोलीत गेले. बस म्हणाले, बसले नाही.

"सर, फाइल तुम्ही दिलीत?"

"प्रत दिली. मस्टर कुणाचं? त्यांचं. जागा त्यांची, वेळ त्यांचा. त्यांनी एक प्रत मागितली तर कोणत्या तोंडानं नाही म्हणायचं?"

"कारण मस्टरमध्ये नव्हतं, सर. ते बायकांनी मला सांगितलं. वरती लिहिलंय कारखान्याला देणार नाही. खाली तुमची सही आहे."

त्यांनी चष्मा काढून पुसला. पुसतच राहिले. "त्याचं ते काय करतील याची मला कल्पना नव्हती. पण हेही समजून घे, तीन वर्षांचा संच मिळतोय. पुढे शेकडो कारखान्यांच्या बसचा प्रश्न यातून सुटू शकेल. तेवीस बायकांसाठी..."

मी याच माणसासारखं व्हायचं म्हणून दोन वर्षं वहीत त्याच्यासारखं अक्षर काढायचा प्रयत्न करतेय.

दाराशी मला म्हणाले, "तुझ्या आईचं नाव नाही ना त्यात? मग झालं तर."

२५ मार्च
नाहीच आईचं नाव. आणि ते सगळ्यांच्या लक्षात आलंय. आज कँटीनमध्ये आईच्या टेबलावर कुणी बसलं नाही. एकीनं तिला ऐकू जाईल असं म्हटलं, "पोरीनं आईला बरोब्बर बाजूला काढलं." वीस वर्षं जिथे डबा खाल्ला, तिथे आज तिनं तो उघडलाच नाही. तसाच परत आणला.

मी तिला विचारलं, "तुला माहीत होतं असं होईल?"

"माहीत काय असणार. पण तिथं एवढी वर्षं काढली की कागदावर खरं लिहायला हात धजत नाही."

"मग मावशीला का नाही सांगितलंस? तू तर सगळ्यांना उभं राहून म्हणालीस, खरं सांगा!"

ती खूप वेळ डबा घासत होती. त्यातलं तिनं काही खाल्लंच नव्हतं, पोळ्या तशाच काढून ठेवल्या होत्या. मग म्हणाली, "तुला दीडशे हवे होते."

सरांचा राग आला होता तेव्हा निदान तोंडावर बोलता आलं. याला काय करू? तिनं मावशीला माझ्यासाठी पुढे केलं आणि स्वतः मागे राहिली. मला वाटायचं माझ्यासाठी ती काहीही करेल. करतेच की. तेच तर.

२९ मार्च
मावशीकडे गेले. दार तिनं उघडलं, साखळी काढली नाही. मी म्हटलं, फाइल माझ्याकडून गेली. मी सरांना दिली, सरांनी त्यांना. मला ठाऊक नव्हतं.

तिनं एकच विचारलं. "मी सांगितलं ते तू लिहून घेतलंस?"

"हो."

"बोलायला म्हणून सांगितलं होतं मी."

दार बंद झालं. आतून मावशीच्या यजमानांनी विचारलं, कोण आहे? तिनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही.

४ एप्रिल
बावीस बायकांनी कामगार कार्यालयात तक्रार केलीय. मावशी त्यांत नाही, तिनं सही करून ठेवल्यामुळे. मी शंकेखोरकडे गेले आणि आधी माफी मागितली. ती म्हणाली, "माफी राहू दे, फॉर्म कुठे आहेत?" दिवसभर बसून आम्ही दोघींनी अर्ज लिहिला. सरांच्या सहीचा कोरा फॉर्म, माझी कारणांची यादी आणि पत्रातलं वाक्य, तिन्ही शेजारी शेजारी डकवली. तिनं एकही 'पण' काढला नाही. मला करमेना.

सरांचा फोन आला. आवाज मऊ. साक्ष दिलीस तर प्रकल्प रद्द होईल, वर्ष जाईल, शिफारसपत्र मी देऊ शकणार नाही. तुझंच नुकसान, मला वाईट वाटतं. मी म्हटलं, बरं. फोन ठेवल्यावर अर्धा तास रडले. वर्षासाठीच रडले, उगाच मोठेपणा कशाला घेऊ.

१७ एप्रिल
सुनावणी. छोटी खोली, खुर्च्या कमी, बायका भिंतीला टेकून उभ्या. अधिकारी बाई केस पांढरे झालेल्या, दर वाक्याला "हळू बोला, लिहून घेतेय" म्हणणाऱ्या. मॅनेजरसाहेबांबरोबर वकील. सर आलेच नाहीत.

मी सगळं सांगितलं. वकील उठले. म्हणाले, कारण आम्हाला आमच्या चौकशीतून कळलं, फॉर्मशी संबंध नाही. शब्द सारखे असणं हा योगायोग. "ही मुलगी विद्यार्थिनी आहे, भावनेच्या भरात आहे. आणि हिची आई आमच्याच कारखान्यात सुखात नोकरी करतेय."

भिंतीपाशी कुजबुज झाली. योगायोग नाही हे मला ठाऊक होतं, पण सिद्ध कसं करणार?

तेवढ्यात मागून आईचा आवाज आला. "बाई, माझंही लिहा."

ती पुढे आली. अर्धा दिवस रजा टाकून आली होती, मला न सांगता. पदर दोन्ही हातांत घट्ट धरलेला. "मी पण खोटीच आजारी रजा घेतली. पोरीच्या प्रवेशाला. ताप नव्हता. या बायकांसारखंच."

अधिकारी बाईंनी विचारलं, "तुम्हाला पत्र आलंय?"

"नाही आलं. फॉर्मवर मी खोटं लिहिलं. मी आजारी होते असं. म्हणून नाही आलं."

अधिकारी बाईंचं पेन थांबलं. त्यांनी वकिलांकडे पाहिलं. "तुमची चौकशी होती म्हणता. मग ही बाई तुमच्या चौकशीत कशी नाही सापडली? फॉर्मवर घरचं कारण खरं लिहिणाऱ्या तेवढ्या सगळ्या सापडल्या, आणि खोटं लिहिणारी सुटली?"

वकील कागद चाळत राहिले. मॅनेजरसाहेबांनी छताकडे पाहिलं. मी दोन वर्षं तुलनागट तुलनागट घोकलंय. इतका स्वच्छ पुरावा माझ्या एकशे शहाऐंशी ओळींमधून मला काढता आला नसता.

आई खाली बसायला जागा शोधत होती. भिंतीशी उभ्या बायकांपैकी कुणी हललं नाही. मग ज्या बाईनं कँटीनमध्ये टोमणा मारला होता, ती थोडी सरकली.

१८ एप्रिल
आईला निलंबनाचं पत्र. आठ दिवस. तिनं ते फ्रिजवर लावलं. मी काढलं. तिनं पुन्हा लावलं.

मी तिच्याशी अजून नीट बोलत नाही. काल ती उभी राहिली म्हणून जानेवारीतलं पुसलं जात नाही. ती तसं मागतही नाहीये.

९ मे
आदेश आला. अभ्यासासाठी म्हणून घेतलेली माहिती कारवाईला वापरता येणार नाही. बावीस पत्रं मागे. मावशीचं नाव आदेशात कुठेच नाही. राजीनामा स्वखुशीचा, म्हणून तो या प्रकरणाबाहेर. 'स्वखुशी' हा शब्द मी तीनदा वाचला.

बस बंदच आहे.

सरांना विभागानं लेखी समज दिली. ते शिकवतात, मी त्यांच्या तासाला बसत नाही. तीन वर्षांचं मस्टर त्यांना मिळालं की नाही, कळलं नाही. प्रकल्प मी स्वतःच मागे घेतला. रद्द होणार होताच, पण अर्ज माझ्या सहीनं गेला. पुढच्या वर्षी पुन्हा, दुसऱ्या मॅडमकडे, नव्या विषयावर. २.४ हा आकडा आता कुठेही छापला जाणार नाही. बरोबर होता तो. याचंच सगळ्यात जास्त वाटतं, आणि असं वाटतं याची लाजही वाटते.

१४ मे
गेले चार दिवस फॉर्म परत देत फिरतेय. शंकेखोरबरोबर. फाइल तिच्यासमोर पुसली, कागद जिचे तिला. काही जणी घेतात, काही म्हणतात जाळून टाक. एकीनं चहा दिला. एकीनं कुत्रं सोडलं नाही एवढंच.

आज शेवटचं घर मावशीचं. शंकेखोर खाली थांबली. मावशी आता घरीच कपडे शिवून देते. दारातून शिलाई मशीन दिसत होतं आणि पलंगाचं एक टोक. तिनं फॉर्म घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला, घडी घातली.

"काय निघालं होतं शेवटी?" तिनं विचारलं. "आम्हाला कुणी सांगितलंच नाही."

मी सांगितलं. बस गेल्यामुळे लांबच्या बायकांच्या रजा तीन महिन्यांत जवळजवळ अडीच दिवसांनी वाढल्या. बायका आळशी झाल्या नव्हत्या.

तिनं फॉर्मची घडी पुन्हा उलगडली. "एवढं तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की गं आम्ही तुला."

मला हसू येईल की रडू, कळेना. तिलाही बहुधा. पण ती हसली नाही. आत वळली, पुन्हा बाहेर आली.

"तुझ्या आईला पाठव," म्हणाली. "बोलायचंय मला तिच्याशी. भांडायचंय. तू नको येऊस एवढ्यात."

घरी आले. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, मावशीनं तुला बोलावलंय, भांडायला. पुढचं सांगायच्या आत ती चपला घालून जिना उतरतही होती.